पाय दाखवायचे नसतात

मोरबी, ३ सप्टेंबर २०२४

ताई,

नंबर ब्लॉक करून तुला काय मिळालं? भांडण अर्ध्यात राहिलं एवढंच. "तुला डॉक्टर पाहिजे का सिनेमा?" असं म्हणालीस आणि फोन कापलास, माझं उत्तर तोंडातच राहिलं. आण्णाच्या फोनवर बोलावं तर तो स्पीकर लावून बोलतो, सगळी जानोरी ऐकते. म्हणून कागद घेतला. आठवीत शाळा सोडल्यापासून एवढं सलग कधी लिहिलं नाय, हसू नको. कागद मधेच कापता येत नाय, पूर्ण वाचावा लागंल.

तर उत्तर असं, की होय, मला मोबाइलवरचाच डॉक्टर पाहिजे. मे महिन्यात तू आमच्यासोबत नव्हतीस. मी सुट्टीवर आलो होतो, आण्णाला चक्कर येत होती, साखर वाढली होती, म्हणून मीच त्याला नाशिकरोडच्या त्या मोठ्या दवाखान्यात नेला. सकाळी निघालो, नंबर लागला दुपारी. आण्णा बाकड्यावर बसून दमला आणि घरी बसतो तसा दोन्ही पाय वर घेऊन मांडी घालून बसला. तर तिथला आडदांड कंपाउंडर सगळ्यांपुढं ओरडला, "ओ बाबा, पाय खाली! बाकडं बसायला आहे, शेतातली माती ठेवायला नाय." लोकं हसली. एक बाई पदर तोंडाला लावून हसली. आण्णा पण हसला, ते मला जास्त लागलं. आत गेलो तर डॉक्टरनी मान वर केली नाय. लिहीत लिहीत विचारलं, लिहीत लिहीत बाहेर पाठवलं. बाहेर आल्यावर आण्णा म्हणतो, "डॉक्टर हुशार दिसतो. न बघता ओळखतो."

त्याच दिवशी मी ठरवलं, माझ्या बापाला परत त्या बाकड्यावर बसवायचं नाय. म्हणून तो मोठ्या काचेचा फोन घेऊन दिला आणि त्या अॅपचे वर्षाचे पैसे भरले. मॅडम पुण्याहून बोलतात. काका म्हणतात. जीभ बघतात, डोळ्याची खालची पापणी ओढायला लावतात, मशीनवर साखर किती आली ते विचारतात, गुलाबाला भाव काय मिळाला ते पण विचारतात. आणि मला लिंक येते. खालच्या कोपऱ्यात का होईना, मी हजर असतो. सातशे किलोमीटरवरून बापाच्या तपासणीला हजर राहतो आणि तुला तो सिनेमा वाटतो?

कॅमेऱ्याला नावं ठेवू नको. आमच्या कारखान्यात फरशीचा तडा आता कॅमेराच पकडतो. आधी आम्ही चार पोरं होतो. फरशी उचलायची, बोटानं टिचकी मारायची, आवाज ऐकायचा. आता फरशी पट्ट्यावरून जाते, वरून कॅमेरा बघतो, खराब असली की बाजूला फेकतो. चारातले दोघं घरी गेले. माणसापेक्षा बरा आहे म्हणूनच बसवला ना?

रविवारी अकरा वाजता लिंक येईल. आण्णाला गुलाबावरच्या त्या हिरव्या जाळीखाली बसवू नको, तोंड हिरवं दिसतं. आणि ब्लॉक काढला नाहीस तरी चालंल. मला पण गरज नाय.

रविराज

~

जानोरी, १२ सप्टेंबर

रवी,

पत्र पूर्ण वाचलं. मधे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, तरी कापलं नाही.

जाळीखाली बसवते कारण रेंज तिथेच येते. घरात बसवलं तर मॅडमचं तोंड अर्धं दिसतं आणि आण्णा म्हणतो, "यांनाच काहीतरी झालंय."

तुला खालच्या कोपऱ्यातून काय दिसतं मला माहीत नाही. इकडून काय दिसतं ते सांगते. मॅडम येणार म्हणून आण्णा सकाळीच अंघोळ करतो. धुतलेलं धोतर, पांढरा शर्ट, टोपी, कपाळाला गंध. चटईवर मांडी घालून पंगतीला बसावं तसा ताठ बसतो. मी फोन फुलांच्या क्रेटवर उभा करते. मॅडम दिसल्या की हात जोडतो, "राम राम मॅडम, चहा झाला का?" आणि लगेच मला हाक, "साधे, चहा टाक." अरे, कुणासाठी? मॅडम पुण्यात. तरी टाकावा लागतो. शेवटी तो फुलाआत्या पिते. परवा तर आत्यानेच मागून डोकं घातलं, "मॅडम, माझ्या गुडघ्याचं पण बघा. पोरानं वर्षाचे भरलेत, वाया कशाला घालवता." मॅडम हसल्या. बाई चांगली आहे, खोटं कशाला बोलू.

पण एवढा नटूनथटून बसलेला माणूस आजारी कसा दिसेल? मॅडम गेल्या की तो टोपी काढतो आणि तिथेच आडवा होतो. ते तुला दिसत नाही, कारण तोवर लिंक बंद झालेली असते.

आता मुद्द्याचं. पोळ्याच्या सुमाराला त्याच्या डाव्या तळव्यात गुलाबाचा काटा गेला. अनवाणीच पाणी भरतो, कितीदा सांगायचं. काटा मी काढला, हळद भरली, फडकं बांधलं. रोज बांधते. दुखत नाही म्हणतो, म्हणून मीही फार मनावर घेतलं नव्हतं. पण चालताना पाय वाकडा टाकतो. एकदा त्याला नाशिकला प्रत्यक्ष दाखवून आणू का? सकाळच्या गाडीने जाऊ, संध्याकाळी परत. माझं तो ऐकत नाही. म्हणतो, दसऱ्यापर्यंत झेंडू तोडायचा आहे, दिवस मोडायला वेळ नाही. तू सांगितलंस तर ऐकेल. तुझा शब्द तो मोडत नाही.

बाकी ठीक. गणपती बसेपर्यंत झेंडूला भाव होता, दुसऱ्या दिवशी पडला. परत आलेला माल घरामागे टाकलाय, तो कुजतोय. ओसरीपर्यंत वास येतो. जेवण जात नाही. आण्णाला रोज म्हणते ढीग हलव, तो म्हणतो खत होईल.

साधना

~

मोरबी, २४ सप्टेंबर

ताई,

नाशिक, नाशिक, नाशिक. नाशिकच्या स्टँडवर येवल्याची गाडी लागते हे मला पण माहीत आहे. नवऱ्याचं घर सोडून तू आलीस त्याला दोन वर्षं झाली. आता आठवण येत असंल तर सरळ जा, त्याच्या पैठणीच्या मागाशेजारी जाऊन बस, कोण अडवतंय? आण्णाच्या पायाचं निमित्त कशाला पाहिजे?

काट्याचं काय घेऊन बसलीस. आपण गुलाब लावतो. आपल्या घरात काटा टोचला नाय असा दिवस गेलाय का? माझ्या तळहातावर अजून खुणा आहेत.

परवा रविवारी तू पण होतीस, फोन तर तुझ्याच हातात होता. आण्णा कसा दिसत होता सांग. नवरदेव दिसत होता. साखर जरा वर होती म्हणून मॅडमनी गोळी वाढवली, भात कमी करा म्हणाल्या. पायाचं पण त्यांनी स्वतःहून विचारलं. ठीक आहेत असं सांगितलं. विषय संपला. नाशिकवाल्यानं पायाचं विचारलं तरी होतं का? तोंडाचं पण विचारलं नव्हतं.

तरी तुझ्या समाधानासाठी आण्णाला शेतात घालायला गमबूट घेतलेत. इथं कामगारांचे चांगले मिळतात, आतून अस्तर आहे. आठ नंबर. पहिल्या सवडीला पार्सल टाकतो. काटा काय, खिळा पण आत जाणार नाय.

आणि तो ढीग हलवायला माणूस लाव. एवढं पण मीच सांगायचं का इथून?

रविराज

~

नाशिकरोड, १९ ऑक्टोबर

रवी,

आत्याने फोनवर तुला "पाय काढला" एवढंच सांगितलं आणि तू ओरडायला लागलास, म्हणून तिने घाबरून फोन ठेवला. "कुणाला विचारून काढला?" असं तू म्हणालास म्हणे. सगळं लिहिते. एकदाच लिहीन, परत विचारू नको.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटचे क्रेट बाजारात गेले. माल चांगला गेला. मग मी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला सांगून मागचा ढीग उचलला, रानात पसरवला, अंगण पाण्याने धुतलं. दसऱ्याला सकाळी दाराला तोरण लावलं. आणि वास तसाच. मला वाटलं जमिनीत मुरलाय. फिनेल टाकलं. परत आत आले तर आत जास्त. मग आण्णाच्या खाटेपाशी गेले. त्याने पाय गोधडीत गुंडाळून घेतले होते. अंग तापलेलं. मी गोधडी ओढली तर त्याने धरून ठेवली. "राहू दे पोरी, सणाचा दिवस हे."

महिनाभर मी तो वास फुलांचा समजत होते. आपल्या घरात कायम काहीतरी कुजत असतंच ना. कुणाला कळणार?

फडकं सोडलं. मी रोज जुनी हळद न धुता वरून नवी भरत होते. हळदीखाली सगळं पिवळं दिसतं. धुतलं तेव्हा दोन बोटं काळी दिसली आणि तळव्याला भोक.

फुलांच्या पिकअपमध्ये मागे गादी टाकून त्याला नेला. तोच दवाखाना, तेच बाकडं. आण्णाला मे महिन्यातलं आठवत होतं, तो पाय खाली सोडून नीट बसला. कंपाउंडर आला. तोच असावा, तू सांगितलास तसाच आडदांड. दोन पावलं आला, थांबला आणि म्हणाला, "बाबा, पाय वर घ्या. बाकड्यावर ठेवा." या वेळी कुणी हसलं नाही. शेजारची माणसं उठून लांब जाऊन बसली.

डॉक्टरही तोच. आण्णाच्या तोंडाकडे त्याने या वेळीही बघितलं नाही. दारातूनच त्याला वास कळला. सरळ आला, जमिनीवर गुडघा टेकला आणि पाय हातात घेतला. नाव नाही विचारलं, काका नाही म्हणाला. बोटाने दाबत दाबत वर आला. "इथं दुखतं?" "नाय." "इथं?" "नाय." आण्णा दर वेळी जास्त जोरात नाय म्हणत होता, परीक्षेत पास होत असल्यासारखा. माझ्याकडे बघून मान पण हलवत होता. डॉक्टर उठला आणि मला म्हणाला, "न दुखणं हाच रोग आहे. साखरेने पाय बधिर झालाय. इतके दिवस कुणाला दाखवलं नाही?" मी म्हटलं, "दर पंधरा दिवसांनी दाखवतो. व्हिडिओवर." त्याने केसपेपर ओढला आणि लिहायला लागला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डावा पाय गुडघ्याखालून काढला. नाहीतर आण्णाच गेला असता. सही मी केली.

आता त्या रविवारचं. तुझ्या पत्रात तू लिहिलंस, पायाचं विचारलं, ठीक आहेत असं सांगितलं. कुणी सांगितलं ते लिहिलं नाहीस. मॅडम म्हणाल्या होत्या, "काका, पाय दाखवा जरा. ताई, कॅमेरा खाली घ्या." मी फोन खाली घ्यायला लागले. आण्णाने धोतर पायांवर ओढलं. "मॅडम, तुमच्या तोंडापुढं पाय कसा करू? आमच्यात पाय दाखवायचे नसतात." मॅडम म्हणाल्या, असं काही नसतं काका. तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातून तू बोललास. "मॅडम, राहू द्या. म्हातारा माणूस आहे, कशाला पाय वर करायला लावता. मी रोज विचारतो, पाय ठीक आहेत." त्यांनी विचारलं, "नक्की?" तू म्हणालास, "नक्की."

मोरबीवरून तू कुठले पाय बघितले होतेस रवी?

आणि मी फोन परत वर केला. तू म्हणालास म्हणून केला, का मलाही लाज वाटली, ते मला अजून कळलेलं नाही. आण्णा मात्र तुझ्यावर खूश होता. "पोरानं माझी इज्जत राखली," असं आत्याला सांगत होता.

येवल्याची गाडी रोज बघते. दवाखान्यात जाता-येता त्याच स्टँडवर उतरते. अजून चढले नाही.

साधना

~

मोरबी, २७ ऑक्टोबर

ताई,

कुणावर ओरडू ते सांग. सगळ्यांवर ओरडून झालं.

अॅपवाल्यांना फोन केला. एक पोरगी बोलली, तिला खेद आहे. मग मेसेज आला, आमच्या सेवेला किती स्टार द्याल? मी एक दाबला. लगेच दुसरा मेसेज, तुमच्या मोलाच्या वेळाबद्दल धन्यवाद. मी फोन भिंतीवर मारला. फुटला नाय, तसलाच घेतलाय.

मग मॅडमचा स्वतःचा फोन आला. मी वाट्टेल ते बोललो. त्यांनी कापला नाय, ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "मी विचारलं होतं, पण आग्रह धरायला पाहिजे होता. दवाखान्यात असते तर मी स्वतः वाकून बघितलं असतं." मी म्हटलं, मग वाकायचं होतं ना. बोलून गेलो. फोन ठेवल्यावर डोक्यात आलं, वाकणार कुठं होत्या त्या?

आणि तू. तू त्याच घरात होतीस ताई. मला इथं वास येत होता का? सगळ्या दुनियेत एक नाक त्या पायाजवळ होतं, ते तुझं. महिनाभर फुलं कुजली म्हणून बसलीस. तुझं तू बघ.

मी "नक्की" म्हणालो नव्हतो. त्या दिवशी रेंज तुटत होती. तू काहीतरी दुसरं ऐकलं असशील.

दिवाळीला येत नाय. येऊ शकत नाय. आमच्याकडं एक अख्खा लॉट परत आला. वरून आरशासारख्या फरश्या, पालथ्या केल्या तर मागून चिरलेल्या. कॅमेरा वरच बसवलाय, त्याला खालचं काय दिसणार. मालक म्हणतो, टिचकीवाल्या पोरांना परत बोलवा. घरी गेलेल्यातला एक आता सुरतला लागलाय, येत नाय म्हणतो. दुसऱ्याचा पत्ता नाय. म्हणून मला डबल पाळी. सुट्टी मागितली तर मुकादम म्हणाला, "जा, पण जाताना बिस्तरा घेऊन जा." मनात येतं जावं. दोन वर्षांत तीन कारखाने बदलले, चौथा मिळंल. पण दवाखान्याचं बिल चौथा कारखाना मिळेपर्यंत थांबणार आहे का?

आण्णा काय म्हणतो ते लिही. माझं नाव काढतो का ते लिही. नसंल काढत तर लिहू नको.

रविराज

~

जानोरी, ९ नोव्हेंबर

रवी,

तू "नक्की" म्हणाला नव्हतास. बरं. नव्हतास. मीच दुसरं ऐकलं. आणि नाक माझं होतं हेही खरं. आता पुढचं लिहू दे.

आण्णा घरी आलाय. जखम सुकते आहे. रात्री नसलेल्या पायाची बोटं खाजतात म्हणतो, मला खाजवायला सांगतो. मी खाटेवर रिकाम्या जागी हात फिरवते, तो म्हणतो, "हां, तिथंच." होता तेव्हा कधी दुखला नाही, आता गेल्यावर दुखतो.

तुझं पार्सल भाऊबीजेला आलं. गमबुटांचं. पहिल्या सवडीला टाकतो म्हणाला होतास. आत्याने उघडलं आणि दोन्ही बूट उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "पोरगं हिशेबात कच्चंच राहिलं." आण्णा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याने उजवा बूट खाटेवर बसूनच पायात घातला आणि मला म्हणाला, "रवीला लिही, माप बरोबर हे." डाव्या बुटाला त्याने खाली भोकं पाडली, माती भरली, गुलाबाची काडी खोचली. ओट्यावर ठेवलाय. येणारा-जाणारा बघतो. मला सहन होत नाही, पण त्याचा बूट, त्याचा गुलाब.

उजवा बूट मात्र डॉक्टरने काढायला लावला. या वेळी तो ओरडला. घाम येईल, त्वचा मऊ पडेल, घासलं तर कळणार नाही. रवी, आता नीट ऐक. डॉक्टर म्हणतो, सगळा भार आता उजव्यावर. तोही बधिर आहे. त्याला एक फोड जरी आला आणि आपण बघितला नाही, तर हाही जाईल. त्याच्यासाठी मऊ तळाचा वेगळा बूट मिळतो, नाशिकला शरणपूर रोडला एक दुकान सापडलं. मी एकच मागितला. दुकानदार म्हणाला, "बाई, एक विकला तर दुसऱ्याचं मी काय करू?" मी म्हटलं, माझ्या बापाने काय केलं ते विचारा. त्याला काही कळलं नाही. तशीच परत आले.

तुझा नंबर ब्लॉकमधून काढलाय. आण्णाने काढायला लावला. रविवारी अकरा वाजता त्याला तुझ्याशी व्हिडिओवर बोलायचं आहे. तो तुझं नाव काढतो. दिवसातून किती वेळा ते मोजत नाही.

साधना

~

मोरबी, १८ नोव्हेंबर

ताई,

काल फोन आण्णानीच धरला होता, तू बाजूला उभी होतीस, तुला माहीत आहे काय झालं ते. तरी लिहितो, कारण फोनवर मी तुझ्याशी बोललोच नाय आणि तू काय समजलीस मला माहीत नाय.

फोन लागला तर मला आधी काय दिसतंय तेच कळंना. भेगाच भेगा, भेगांत माती. रान दाखवतोय असं वाटलं. मग बोटं हलली. बापाचा तळवा मी जन्मात बघितला नव्हता ताई. एवढं पाया पडलो त्याच्या, पण वरून. तो म्हणतो, "दिसतंय का रे? नीट बघ. अंगठ्याच्या खाली बघ. आता टाच." वळवून वळवून दाखवत होता. मी म्हटलं, "आण्णा, बघितलं, सगळं ठीक आहे." तर म्हणतो, "तू आधीच ठीक म्हणू नको. आधी बघ, मग म्हण."

एवढंच बोलला. रागावला नव्हता. रागावला असता तर मी पण काहीतरी बोललो असतो.

मग मी म्हटलं, "आण्णा, आता तोंड दाखव ना." "तोंडाला काय झालंय? तोंड ठीक हे." आणि तसाच पाय धरून बसला. शेवटपर्यंत तोंड दाखवलं नाय. तू फोन घेऊन वर केला नाहीस. बरोबर केलंस, तरी मला तुझा राग आला.

त्या रविवारचं मला परत विचारू नको. मे महिन्यात ते बाकडं आणि ती हसणारी लोकं मी बघितली होती, तू नव्हतीस. बाकी काय लिहू.

येवल्याचं जे लिहिलं ते खोडून टाक. कागदावर खोडता येतं.

आता काम सांगतो. मॅडमचं वर्ष मार्चपर्यंत आहे. साखर, गोळ्या, जेवण त्यांना विचारत जा, बोलायला त्या चांगल्याच आहेत. आण्णाला पण त्यांच्याशी बोलून बरं वाटतं. पण पायाला माणूस पाहिजे. महिन्यातून एकदा त्या नाशिकवाल्याकडं नेच. तो तोंडाकडं बघत नाय, नको बघू दे. कंपाउंडर ओरडला तर ओरडू दे. गाडीनं नको, रिक्षा करून जा, त्याचं दर महिन्याला वेगळं पाठवीन. आणि रोज संध्याकाळी तळवा तू बघ, हातानं दाबून बघ, वास घे. हळद लावू नको. मी कधी येईन ते सांगत नाय, सांगून आलो नाय तर परत तेच.

त्या दुकानदाराशी भांडत बसू नको. एक देत नाय तर नको देऊ. जोडी घे. डाव्याचं काय करायचं ते आण्णा बघंल, ओट्यावर जागा आहे अजून. मी इथून दुकानात फोन करून किंमत विचारली. अर्धे नाय, पूर्ण पाठवतोय. तीन हजार दोनशे रुपये.